बाटली आली कुठून, आली कशी

पुण्यातल्या बऱ्यापैकी मोठ्या बिअर शॉपीच्या फ्रिजासमोर उभं राहिलं की खालच्या फळ्या ओळखीच्या असतात. ६५० मिलिलिटरच्या तपकिरी बाटल्या, त्यांतल्या बहुतेक ‘स्ट्राँग’. वरची फळी मात्र गेल्या दहा वर्षांत पार बदलली. तिथे रंगीत चित्रांचे पाइंट आणि कॅन आले. कुठे गव्हाची बिअर, कुठे आयपीए, कुठे मधाची एल, कुठे बेल्जियन नाव मिरवणारं काहीतरी. किंमत खालच्या मोठ्या बाटलीच्या आसपास आणि माल निम्मा. गिऱ्हाईक विचारतं, ‘ही कशी आहे?’ दुकानदार म्हणतो, ‘जाते की.’ यापलीकडे माहिती मिळत नाही.

ही वरची फळी घ्यावी का, घेतली तर कोणती, आणि टॅपरूममध्ये बसून प्यायलेली बिअर घरी बाटलीतून तशीच का लागत नाही, याचा हा आढावा. माझं मत आधीच सांगून टाकतो. पुणे, मुंबई, गोवा या पट्ट्यात चांगली बिअर बनवणारे हात आता कमी नाहीत. बिअर बिघडते ती झाकण लागल्यानंतरच्या प्रवासात. म्हणून आपल्याकडे ‘जवळची’ बाटली ही निव्वळ अभिमानाची बाब नाही, तिला चवीच्या दृष्टीने खरोखर अर्थ आहे.

सुरुवात टॅपपासूनच करावी लागते. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि महाराष्ट्रात बिअर डोळ्यांदेखत बनवून तिथेच पाजायची पद्धत आली. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत मुंढव्यातली इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, एफिंगट, मुंबईत लोअर परळची व्हाइट आउल, डोंबिवलीत बिअर बनवून मुंबईच्या बारना केग पुरवणारी गेटवे अशी नावं जमली. या सगळ्यांचा जीव केगमध्ये आणि नळात होता. टाकीतून निघालेली, न तापवलेली, बऱ्याचदा न गाळलेली बिअर थंड ठेवायची आणि काही आठवड्यांत संपवायची, असा तो धंदा. दुकानाच्या फळीसाठी ती नव्हतीच. २०२० च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून, म्हणजे नळावर भरून दिलेल्या मोठ्या बाटलीतून, बिअर घरी द्यायची मुभा मिळाली, तेव्हा ताजी बिअर घरात कशी लागते हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. पण ग्राउलर म्हणजे दूध आणल्यासारखंच, आज आणलं तर उद्या-परवापर्यंत संपवायला हवं.

बाटलीचं गणित वेगळं. दुकानात सहा महिने टिकायची तर बिअर बहुधा पाश्चराइझ करावी लागते, म्हणजे साठेक अंशांपर्यंत तापवून आतले उरलेसुरले जीव मारावे लागतात. ज्याच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते त्या लुई पाश्चरने बिअरच्या रोगांवरचा ग्रंथ १८७६ मध्ये काढला. दूध पाश्चराइझ करणं पुढे रूढ झालं, बिअरचा नंबर त्याच्या आधी लागला होता. या तापवण्याने बिअर टिकते, पण हॉप्सचा, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांचा, ताजा वास थोडा बोथट होतो. खरा शत्रू मात्र ऑक्सिजन. भरताना बाटलीच्या मानेत हवेचा अंश राहिला की बिअर आतल्या आत जुनी होत जाते. आधी हॉप्सचा वास जातो, मग माल्टला एक चिकट गोडसरपणा येतो आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. मोठ्या कारखान्याकडे हवा काटेकोरपणे बाहेर ठेवणारी महागडी यंत्रं असतात. छोट्याच्या हाती बहुधा छोटं यंत्र, आणि तेच यंत्र त्याच्या बिअरचं आयुष्य ठरवतं. बाटलीचं दातेरी बूच विल्यम पेंटरने १८९२ मध्ये बाल्टिमोरला शोधलं. सव्वाशे वर्षांनंतरही ब्रूअरची झोप त्याच बुचावर आणि त्याच्या आतल्या अस्तरावर अवलंबून असते.

त्यात आपला उन्हाळा. बिअरवाल्यांमध्ये एक ढोबळ नियम सांगतात. ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि फ्रिजातल्या ३-४ अंशांत ३०० दिवस, एवढ्यात बिअर सारखीच म्हातारी होते. आकडे तंतोतंत धरू नयेत, पण दिशा बरोबर आहे. मे महिन्यात नागपूरच्या किंवा संभाजीनगरच्या गोदामात, पत्र्याखाली, चार-पाच दिवस पडलेली पेटी आठवा. लेबलावरची तारीख तिला ताजी म्हणेल, जीभ म्हणणार नाही. एका दुकानात मी दारातल्या उन्हात रचलेल्या पेट्या पाहिल्या. गिऱ्हाईक आलं की त्यातल्याच बाटल्या फ्रिजात टाकून थंड करून देत होते. अशी बाटली थंड लागते, ताजी लागत नाही.

उजेडाचंही तेच. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की गंधकाचा एक उग्र दर्प तयार होतो, आणि त्याला फार वेळ लागत नाही. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी काच अडवत नाही. हिरव्या बाटलीला आपल्याकडे ‘फॉरेनचा’ मान आहे, पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती फार भाबडी ठरते. कॅनमध्ये उजेडाचा प्रश्नच नाही. म्हणूनच छोटे ब्रूअर बाटली सोडून कॅनकडे वळत आहेत. काचेचा रुबाब मलाही आवडतो, पण आयपीएसारखी हॉप्सवर भर असलेली बिअर घ्यायची झाली तर मी कॅनच घेईन.

आता खालच्या फळीकडे जरा वळू, कारण वरची फळी तिच्याच सावलीत वाढली. महाराष्ट्रात बिअर म्हटलं की संभाजीनगर, म्हणजे वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहती. देशातल्या बड्या कंपन्यांची बिअर तिथे तयार होते. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी जात होतं तेव्हा याच कारखान्यांच्या पाण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि मद्य उद्योगाच्या पाण्यात कपात करण्याचे आदेश निघाले. तिथली बिअर एकसारखी, स्वच्छ आणि स्वस्त असते, आणि तिचं गिऱ्हाईक चवीपेक्षा रुपयाला किती चढते ते पाहतं. यात त्याचा दोष नाही. बिअरवरचा कर इतका जड आहे की माइल्डपेक्षा स्ट्राँगच ‘वसूल’ वाटते. ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड, त्यावर ८ पर्यंत स्ट्राँग. बहुतेक पेट्या दुसऱ्या गटातल्या. बिअरचा खप घसरतोय हे पाहून २०२३ मध्ये राज्य सरकारने करकपातीचा विचार करायला समितीही नेमली होती.

याच मोठ्या बाटलीने आपल्याला एक लोकविद्या दिली. बाटली उलटी करून तिचं तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवायचं आणि ‘ग्लिसरीन’ काढून टाकायचं. पाण्यात खाली उतरणाऱ्या धारा दिसतात आणि बघणारे माना डोलावतात. बिअर तिच्यात उरलेल्या साखरांमुळे नि प्रथिनांमुळे पाण्याहून किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरताना दिसते. एवढीच ती जादू. सांगितलं तर कोणाला पटत नाही, आणि मीही आता हा वाद घालणं सोडलंय.

प्रादेशिक बाटलीचा खरा मुलूख गोवा. तिथे दारूवरचा कर बराच काळ शेजारच्या राज्यांपेक्षा हलका राहिला, पिणारा पर्यटक आयता, आणि ‘आपली बिअर’ ही कल्पना जुनी. किंग्ज ब्लॅक लेबल पिल्सनर हे नाव गोव्याबाहेर फारसं कोणाला माहीत नसेल, पण तिथल्या खाणावळीत माशाच्या ताटाबरोबर तिचा पाइंट मागणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. मधे ती बंद पडली तेव्हा लोक हळहळले, परत आली तेव्हा बातम्या झाल्या. क्राफ्ट हा शब्द रुळायच्या आधीची ती प्रादेशिक बाटली. चव साधी, पण तिच्या गावातच पिण्यासारखी.

नवी लाट २०१८ च्या सुमाराला आली. बार्देशमधल्या सांगोल्ड्याला सूरज शेणई यांनी गोवा ब्रुइंग कंपनी काढली आणि ‘एट फिंगर एडी’ नावाची आयपीए बाजारात आणली. हा एडी खरा माणूस. आर्मेनियन वंशाचा अमेरिकन, साठच्या दशकात गोव्यात आलेला हिप्पी, हणजुणच्या आठवडी बाजाराचं श्रेय ज्याला देतात तो. २०१० मध्ये तो वारला. त्याच्या नावाची बिअर मला या सगळ्या यादीत सर्वांत धीट वाटते. आपल्याकडच्या ‘सगळ्यांना आवडेल’ छापाच्या बिअरांमध्ये हिने कडवटपणा लपवला नाही. पपनसाच्या सालीचा वास, मागे माल्टचा थोडासा खरपूस गोडवा आणि शेवटी जिभेच्या मुळाशी रेंगाळणारा कडूपणा. ताजी मिळाली तर उत्तम. जुनी मिळाली तर वास गेलेला आणि कडूपणा तेवढा उरलेला, आणि मग लोक म्हणतात, आयपीए आपल्याला झेपत नाही. त्याच कंपनीची ‘पीपल्स लागर’ दुपारच्या उकाड्याला जास्त मानवते.

दोनेक वर्षांनी, २०२० मध्ये, ‘माका दी’ आली. डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेचं नाव ती बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या नावातच घेतलं आहे. तिच्या बाटल्यांत हनी एल, बेल्जियन ट्रिपल, बेल्जियन ब्लांश आणि बव्हेरियन केलर. एवढे प्रकार एकदम काढणं मला सुरुवातीला हाव वाटली होती. पण ट्रिपल हा बाटलीसाठी शहाणा निर्णय होता. ही शैली मुळातच अल्कोहोल आणि माल्टच्या जोरावर उभी असते, हॉप्सच्या ताज्या वासावर नाही, त्यामुळे प्रवासात तिचं कमी नुकसान होतं. बंगळूरच्या आर्बर ब्रुइंग कंपनीची ‘बीच शॅक’ही गोव्यातच बनू लागली. थोडक्यात, पुणे-मुंबई-गोव्याच्या पट्ट्यात बाटलीबंद छोट्या बिअरची राजधानी पुणे नाही, मुंबईही नाही. पुणेकरांना हे पटायला जड जाईल.

पण गोव्याची ही बाटली गोव्यातच प्यावी लागते, यात गंमत आहे आणि वैतागही. दारू हा राज्यांचा विषय. प्रत्येक राज्याचा कर वेगळा, लेबलाची नोंदणी वेगळी, बाटलीवर ‘फक्त अमुक राज्यात विक्रीसाठी’ हे छापणं वेगळं. गोव्याहून परतताना इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या का थांबवतात हे कोकणातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. सांगोल्ड्याहून सावंतवाडी दोन तासांच्या आत येते. पण कायद्याच्या नकाशावर हे अंतर परदेशाएवढं आहे. छोट्या ब्रूअरने शेजारच्या राज्यात माल न्यायचा तर शुल्क, लेबल, वितरक आणि गोदाम हे सगळं नव्याने उभं करायचं. तोवर बिअर म्हातारी.

हे ओझं मोठ्यांनाही कसं चिरडतं ते ‘बिरा ९१’ने दाखवलं. अंकुर जैन यांनी २०१५ मध्ये आणलेली ही बिअर सुरुवातीला चक्क बेल्जियममध्ये बनून यायची. धणे आणि संत्र्याच्या सालीची मऊ गव्हाची बिअर आणि बाटलीवरचं माकड, या जोडीने शहरी तरुणांना ‘स्ट्राँग’शिवायही बिअर असते हे शिकवलं. आज वरच्या फळीवर जे काही उभं आहे त्याची वाट तिनेच मोकळी केली, हे श्रेय कोणी नाकारू नये. पुढे कंपनीने कायदेशीर नावातला ‘प्रायव्हेट’ शब्द वगळला आणि राज्याराज्यांत लेबलं नव्याने नोंदवायची वेळ आली. विक्री काही महिने खोळंबली, तोटा साचला आणि तिथून कंपनी सावरणं कठीण होत गेलं. बिअर तीच, बाटली तीच, फक्त लेबलावरचा एक शब्द गेला. बिराला तेव्हा प्रादेशिक म्हणता येत नव्हतं, ती केव्हाच देशभर पसरली होती. पण ज्याची उडी चार राज्यांपुरतीही नाही त्याने यावरून काय ते समजावं.

मुंबईची व्हाइट आउल आधी लोअर परळच्या ब्रूपबमध्ये रुजली आणि मग बाटलीत उतरली. ‘स्पार्क’ ही गव्हाची, ‘डायब्लो’ ही आयरिश रेड, ‘एस’ ही सफरचंदाची. डायब्लोबद्दल कमी बोललं जातं, पण तिचा तांबूस, भाजक्या साखरेचा माल्ट बाटलीत नीट टिकतो आणि आपल्या मसाल्याशी भांडत नाही. पुण्यात ग्रेट स्टेट एलवर्क्सने मीठ आणि कोकम घालून आंबट बिअर बनवली, कॅनही काढले. मला ही कल्पना या साऱ्या आढाव्यात सर्वांत जवळची वाटली. पुण्याचीच मूनशाइन मीडरी बिअरची नव्हे, मधाच्या मद्याची. तिची बाटली मात्र याच फळीवर बसते, आणि मीडमध्ये हॉप्स नसल्याने काचेतला प्रवास तिला तुलनेने सोपा जातो.

‘प्रादेशिक’ म्हणताना थोडं खरं बोलायला हवं. हॉप्स अमेरिकेहून किंवा जर्मनीहून येतात. लाहौलच्या थंड खोऱ्यात हॉप्स पिकतात, पण थोडेच. जव राजस्थान-हरियाणाकडचा, चांगला माल्ट पुष्कळदा परदेशी, यीस्ट प्रयोगशाळेतून मागवलेलं. मग गोव्याचं किंवा पुण्याचं त्यात काय? पाणी, बनवणाऱ्याचा हात, कोकम-मधासारखी एखादी भर, आणि गिऱ्हाईकापर्यंतचं अंतर. यातली शेवटची गोष्ट लेबलावर कोणीच लिहीत नाही, पण चवीत तीच सर्वांत आधी कळते.

परदेशात छोट्या ब्रूअरांनी बाटलीचा हा प्रश्न एका वेगळ्या वाटेने सोडवला. कॅलिफोर्नियातल्या चिको गावात सिएरा नेव्हाडाने १९८० मध्ये पेल एल काढली ती बाटलीतच फसफसणारी. तळाला थोडं जिवंत यीस्ट ठेवायचं, ते उरलेल्या साखरेबरोबर थोडा ऑक्सिजनही खातं आणि बिअर जास्त काळ तरुण राहते. बेल्जियमच्या ऑर्व्हाल मठाची बिअर तर बाटलीत महिनोन्‌महिने बदलत जाते, आणि तिथे काही कॅफेंत ताजी आणि जुनी अशी निवड विचारतात. आपल्याकडे दुकानातल्या बाटलीत जिवंत यीस्ट जवळपास नसतंच. उन्हाळा आणि वितरण पाहता ब्रूअर हा धोका घेत नाहीत, आणि त्यांचं चूक नाही. पण फ्रिजची साखळी सुधारली तर आधी हाच प्रयोग व्हायला हवा, नव्या फळांच्या चवी नंतर.

आता घ्यायचं काय आणि प्यायचं कसं. आधी तारीख. पाठीमागच्या लेबलावर बॅच आणि उत्पादनाचा महिना असतो, तो वाचायला लाजू नये. आयपीए दोन-तीन महिन्यांच्या आतलीच. गव्हाची बिअर चार महिन्यांपर्यंत चालेल. ट्रिपल, स्टाउट, मीड यांना घाई नाही. फ्रिजात ठेवलेलीच बाटली मागावी, बाहेरच्या पेटीतली नको. दुकानदार थोडा वैतागेल, पण देईल.

मग थंडावा. आपली ‘एकदम चिल्ड’ ही मागणी लागरला शोभते. एलला ती मारून टाकते. माका दीची ट्रिपल किंवा डायब्लो फ्रिजातून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की तिचा वास उघडतो. गव्हाची बिअर पाऊण ग्लास ओतून झाली की बाटली हळू गोल फिरवून उरलेला गढूळ भाग वरून ओतावा, तळाशी काही बसलं असेल तर चव त्यातच असते. बाटलीला तोंड लावून पिऊ नये. कडूपणा कळतो, वास कळत नाही, आणि या बिअरसाठी पैसे वासाचेच दिले असतात. ग्लासला साबणाचा किंवा तेलाचा अंश नको. फेस बसतो याचं खापर आपण बिअरवर फोडतो, पण बऱ्याचदा दोषी चकण्याचं तेल असतं, फरसाण खाऊन ओठांवर आलेलं.

चकण्याचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज काढतो. तिखटावर कडू आयपीए चांगली, असं इंग्रजी पुस्तकांतून आलेलं मत पुष्कळजण सांगतात. मिरचीचा जाळ हॉप्सचा कडूपणा आणखी वर काढतो, आणि कोल्हापुरी सुक्या मटणाबरोबर ती आयपीए नुसती भांडण उभं करते. तिथे रेड एल किंवा थोडी गोडसर हनी एल बरी. आयपीएला तळलेले बोंबील किंवा सुरमईचा रवा फ्राय द्यावा, म्हणजे तेलकटपणा ती कापून काढते. गोव्यातल्या चोरिसाला व्हिनेगरचा आंबटपणा असतो, त्याला गव्हाची बिअर शांत करते. साध्या बांगड्याच्या हुमणाबरोबर मला अजूनही लागरच हवी, आणि ती गोव्यातच.

घरी ठेवायची झाली तर ट्रिपलच्या दोन बाटल्या फ्रिजाच्या खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, उभ्या ठेवतो. पावसाळ्यात त्या निघतात. आयपीए ज्या दिवशी आणली त्याच संध्याकाळी उघडतो. आणि सोलकढी असलेल्या जेवणाला कोकमाची आंबट बिअर लावायचा मोह आवरतो, कारण दोन आंबटांत दोन्हींची चव जाते. ती दुपारी, नुसत्या खारवलेल्या शेंगदाण्यांबरोबर जास्त खुलते.